मावशीची पट्टी

आमच्या शेजारणीला सगळं कॉम्प्लेक्स मावशी म्हणतं. ती मराठी नाही, भारतीयही नाही. ट्रेंटनमध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली, सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली काळी अमेरिकन बाई. ट्रेंटनजवळच वेस्ट विंडसरला आम्ही टाऊनहाऊस घेतलं तेव्हा ती भिंतीपलीकडे आधीपासून राहत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, की मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारणं आमच्या घरी चालत नसे, तुमच्याकडेही चालत नसेल, मग तुझी मुलं मला काय म्हणतील? मी म्हटलं, मावशी. तिला शब्द आवडला. मुलांच्या तोंडून तो माझ्या तोंडी आला आणि मग आमच्या ह्यांच्याही. साठी ओलांडलेला टकलू माणूस सत्तरीच्या बाईला कुंपणावरून "मावशी, ट्रॅश बाहेर काढलात का?" म्हणून विचारतो, हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण आता त्याला इलाज नाही. मावशी माझ्याशी अर्थातच इंग्रजीत बोलते. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, कारण मला ते हल्ली मराठीतच आठवतं.

मी मूळची नागपूरची. अमेरिकेत येऊन जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढल्या आणि त्याचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं थांबलं नाही. हे पुण्याचे. ते म्हणतात, "तुझा स्वभावच तो. कंपनीनं त्याला फक्त डेस्क दिलं." पुण्याच्या माणसानं दुसऱ्याच्या स्वभावावर बोलावं यासारखा विनोद नाही, पण ते असो.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडच्या बायकांचं भजन असतं, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. पेटी माझ्याकडे. पेटीवर सा कुठल्या सुराचा धरायचा, त्यावरून आपल्याकडे पट्टी ठरते. पुरुष साधारण खाली, काळी एकमध्ये गातात, बायका वर, काळी चार किंवा पाचमध्ये. मी काळी चार धरते आणि मग सगळ्यांनी तिथे यायचं, असा माझा दंडक आहे. मावशीला शब्द कळत नाहीत, तरी ती येते, खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि खालून, अगदी खालून, नुसता "अं" लावते. तो सूर इतका जड आणि इतका खरा असतो, की अर्ध्या बायका नकळत माझी पेटी सोडून तिच्यामागे उतरतात. मी चिडते. एकदा मी तिला म्हटलं, "मावशी, जरा वर ये ना." ती म्हणाली, "बाळ, वरच्या मजल्यावर माझी किल्ली चालत नाही." तेव्हापासून मी नाद सोडला. चर्चमध्ये गायची सवय असेल, एवढीच माझी समजूत.

मग गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीला तिच्या दारात एक परका माणूस येऊन उभा राहिला. एका छोट्याशा रेकॉर्ड कंपनीचा माणूस. विसरली गेलेली जुनी गाणी शोधायची, टेपा नीट साफ करायच्या आणि त्यांचा संग्रह काढायचा, हे त्याचं काम. ट्रेंटनच्या एका कुटुंबाच्या बँडची एक छोटी रेकॉर्ड त्याला कुठल्याशा जुन्या दुकानात सापडली होती आणि त्या माणसांना शोधत तो शेवटी आमच्या कॉम्प्लेक्सपर्यंत पोचला होता. मावशीनं त्याला तळघरात नेलं. ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यांखाली त्या बँडच्या सगळ्या टेपा होत्या.

मला हे कळलं तेव्हा मी भांडायलाच गेले. "तुझा बँड होता? इतकी वर्षं शेजारी राहतेय मी, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," मावशी म्हणाली. "तू मला लॉन कापणाऱ्याचा नंबर विचारलास. तो मी दिला."

बँड असा होता. वडील पॉटरीच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी जेवणं झाली की सगळ्या मुलांना घेऊन ते तळघरात उतरायचे. स्वतः गिटार वाजवायचे. मोठा मुलगा गायचा, मधल्यांपैकी एकाकडे ड्रम, एकाकडे बास, एक बहीण ऑर्गनवर, आणि सगळ्यांत धाकटी मावशी मागे उभी राहून खंजिरी वाजवायची आणि साथीला आवाज द्यायची. ते वाजवायचे ते सोल आणि फंक; काळ्या अमेरिकनांच्या गाण्याचे हे प्रकार मला तोवर नुसते नावानं ठाऊक होते. कंपनीनं साफ केलेली पहिली गाणी मावशीनं मला ऐकवली, तेव्हा खरं सांगायचं तर मला नुसता ढाणढाण आवाज ऐकू आला. पण आठ-दहा दिवस ऐकल्यावर ध्यानात आलं, की त्यात कुणीच फार वाजवत नाही. बास दोन सूर टाकून गप्प बसतो, त्या रिकाम्या जागेत गिटार एकदा खरवडते, तिथून ऑर्गन उचलतो. प्रत्येकानं दुसऱ्यासाठी जागा सोडलेली असते. भाजी निवडताना माझा पाय हलायला लागला तेव्हा हे म्हणाले, "आरतीला तर कधी हलत नाही!"

ही जागा सोडायची रीत वडिलांची होती. आणि ती वाजवण्यापुरती नव्हती. त्यांच्या घरात "मी वाजवलं", "मी गायलो" असं म्हणायला बंदी होती. जेवताना कुणी तसं म्हटलंच, तर वडील काटा खाली ठेवायचे आणि तो माणूस "आम्ही" म्हणेपर्यंत उचलायचे नाहीत. बाकीच्यांची जेवणं तोवर खोळंबायची. रेकॉर्डवर फक्त घराण्याचं आडनाव. कोण गातंय, कोण वाजवतंय, याची एक अक्षरानंही नोंद नाही. लोकांनी कौतुक केलं तर वडील म्हणत, घरानं गायलं.

"छान रीत आहे," मी म्हटलं होतं.

"छान होती," मावशी म्हणाली. "पोटभर जेवायला मिळायचं नाही कधी कधी, एवढंच."

आता संग्रह निघणार म्हटल्यावर कंपनीच्या माणसाला मात्र प्रत्येक गाण्यात कोण काय करतंय ते हवं होतं. असे संग्रह विकत घेणारे लोक आधी तेच वाचतात म्हणे. सोबत एक पुस्तिका जाणार होती: घराण्याची हकीकत, फोटो, आणि गाण्यागाण्याखाली नावं. आता त्या घरातली दोनच माणसं हयात. एक मावशी, दुसरा तो गाणारा थोरला भाऊ. संधिवातानं मावशीची बोटं वाकडी झाली आहेत, टाइप करता येत नाही. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसायची, ती सांगायची, मी लिहायची. मध्ये मी नेलेला चिवडा. त्यातले शेंगदाणे ती वेचून खायची आणि पोहे माझ्यासाठी ठेवायची. इतकं शांत, इतकं चांगलं काम मी नोकरीत कधी केलं नाही.

पुस्तिकेचं कच्चं प्रूफ आलं तेव्हा मात्र माझ्यातली टेस्टर जागी झाली. एकेक गाणं लावायचं, खालची नावं वाचायची, जुळतंय का बघायचं. सगळं जुळत होतं. आणि मग ते गाणं आलं.

त्यांचं एकच गाणं त्या काळी गाजलं होतं. वडिलांनी रचलेलं, संथ, "तू येशील तेव्हा दार उघडंच असेल" अशा काहीशा अर्थाचं. ट्रेंटनच्या रेडिओवर ते सारखं लागायचं. या गाण्यापायी थोरल्या भावाला लोक पेट्रोल पंपावर ओळखायचे, केस कापणारा पैसे घ्यायचा नाही. खाली नाव होतं: मुख्य आवाज, थोरला भाऊ. मावशीपुढे: खंजिरी.

मी ते ऐकलं. परत ऐकलं. मग घरी जाऊन पेटी घेऊन आले.

पुरुषाचा आवाज वर गेला की पातळ होतो. सोल गाणारे पुरुष फार वर जातात, तेही मी आता ऐकलं होतं, पण वर गेले की त्यांचा गळा कापडासारखा विरळ होतो. हा आवाज वर आरामात बसला होता आणि खाली उतरताना जड होत होता. भावाची बाकीची गाणी काळी एकच्या आसपासची. हे त्याहून बरंच वर. शिवाय त्याच टेपांमध्ये एका शाळेच्या हॉलमधला कार्यक्रम होता आणि त्यात हेच गाणं भाऊ खरोखरच गात होता. पण चांगले तीन सूर खाली. कंपनीच्या माणसानं तिथे टीप लिहिली होती, की बहुधा टेप हळू फिरली असावी. अरे बाबा, टेप हळू फिरली तर गाणंही हळू व्हायला हवं. हे तर जलद होतं! मी पेटीवर दोन्ही सूर धरून पाहिले. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

"मावशी," मी म्हटलं, "एक बग सापडला."

ती चहाचं पाणी ठेवत होती. "कुठला?"

"हे गाणं तुझ्या भावानं म्हटलेलं नाही."

"मग कुणी म्हटलंय?"

"शनिवारी माझी पट्टी बिघडवणाऱ्या बाईनं."

तिनं गॅस बंद केला. मला वाटलं रागावली. पण ती हसायला लागली, हसत हसत खुर्चीत बसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला कळलं नाही."

झालं होतं ते साधंच. फिलाडेल्फियातला स्टुडिओ, एका दिवसासाठी घेतलेला. पोचले तेव्हा थोरल्या भावाचा घसा पूर्ण बसलेला, तोंडातून नुसती हवा. वडिलांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि चौदा वर्षांच्या धाकटीला विचारलं, शब्द येतात? तिनं मान हलवली. खंजिरी भावाच्या हातात दिली आणि ती मायक्रोफोनपुढे उभी राहिली. उंची पुरेना म्हणून कुणीतरी लाकडाचं खोकं दिलं. गाणं संपल्यावर काचेपलीकडचा माणूस टेप थांबवायला विसरला. घरी येताना गाडीत भाऊ काहीतरी बोलायला गेला, तर वडील म्हणाले, घरानं गायलं. विषय संपला. पुढे गाणं गाजलं. क्लबमध्ये एवढ्या लहान मुलीला आत घेत नसत, म्हणून तिथे ते भाऊ गायला लागला, त्याला झेपेल त्या पट्टीत. लोकांना वाटलं, रेकॉर्डवरही तोच. आणि "नाही, मी" असं म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतंच.

"आणि नवरा?" मी विचारलं.

"तो म्हणायचा, तुझ्या भावाचं ते गाणं ऐकून मी तुमच्या घराभोवती चकरा मारायला लागलो. आमच्या लग्नात भावानं ते म्हटलं. नवरा रडला. मी तेव्हा सांगणार होते. मग म्हटलं, आज नको." तिनं उठून गॅस पुन्हा लावला. "मग तो गेला."

मला इतका राग आला, की काय सांगू. कुणाचा, ते धड कळेना. वडिलांचा, भावाचा, त्या काट्याचा. मी तिथल्या तिथे लॅपटॉप ओढला. "मी आत्ता दुरुस्त करून पाठवते."

"तू काही पाठवणार नाहीस," मावशी म्हणाली. "ती ओळ आहे तशी राहू दे."

मी वाद घातला. नाव जाणं म्हणजे काय ते मला विचार, म्हटलं. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत. ह्यांनी लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोत मी हसते आहे. तेच नाव पासपोर्टवर आलं, मग व्हिसावर, मग ऑफिसच्या दारावर. जन्मभर लोकांनी मला ज्या नावानं ओळखलं ते ह्यांच्या आत्यानं सुचवलेलं होतं. नागपूरहून भाऊ फोनवर माझ्या जुन्या नावानं हाक मारतो, तेव्हा अजून मी फोन ठेवायलाच तयार नसते. हे मी यापूर्वी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला निदान एकाच्या जागी दुसरं मिळालं," ती म्हणाली. "खंजिरीवालीला कोण विचारतं? पण माझं सोड. तू त्याला पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. मावशीचा भाऊ म्हणजे नात्यानं मामा, म्हणून मी त्यांना मनात मामाच म्हणते. मामा पलीकडच्या गावात, स्मृती गेलेल्या वृद्धांच्या एका होममध्ये असतात. बायको, घर, नोकरी, काही आठवत नाही. दर रविवारी चर्च झाल्यावर मावशी जाते. मामांना ती नर्स वाटते किंवा चर्चमधली कुणी बाई. पूर्वी ती सांगायची, मी तुझी बहीण. त्यांना ते पटायचं नाही, ते घाबरायचे, चिडायचे. म्हणून हल्ली ती नाव सांगतच नाही. पण ते गाणं तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. मामांच्या दारावर रेकॉर्डचा फोटो लावलाय. सकाळी औषध द्यायला येणारी मुलगी ते गुणगुणते, म्हणते, हा आमचा स्टार. मग मामा गोळ्या घेतात.

"त्याच्याकडे तेवढंच राहिलंय," मावशी म्हणाली. "पुस्तक छापून आलं की ते लोक वाचणार. दारावरचा फोटो काढणार नाहीत, चांगली माणसं आहेत. पण बोलताना त्यांचा आवाज बदलेल. आवाज बदललेला त्याला कळतो. बाकी काही कळत नाही, तेवढं कळतं. त्याचं शेवटचं मी काढून घेऊ?"

मी लॅपटॉप मिटला. मला उत्तर सुचत नाही तेव्हा मी घरी जाऊन ह्यांच्याशी भांडते. हे शांतपणे म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू मध्ये पडू नकोस यार. तिचं फॅमिली मॅटर आहे."

"मूठ तिची," मी म्हटलं, "आणि सव्वा लाख भावाचे!"

"मग तिला ठरवू दे ना. तू का सबमिट करतेस?"

बोलले ते बरोबर होतं, म्हणून आणखी राग आला. मी भांडी जरा जोरातच डिशवॉशरमध्ये लावली.

कंपनीला शेवटचा होकार सोमवारी द्यायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी मावशीनं मला तिच्याबरोबर यायला सांगितलं. साफ केलेली गाणी मामांना एकदा ऐकवायची होती आणि फोन छोट्या स्पीकरला जोडणं तिला जमत नव्हतं. ड्राइव्ह मी करत होते. वाटेत तिनं स्पष्टच सांगितलं, की तिचं ठरलंय, भावाचं नाव राहील, आणि मी तिथे तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, बरं. मला खरंच वाईट वाटत होतं. ही बाई आता सत्तरीची, तिच्यामागे हे सांगणारं कुणी उरणार नाही, आणि छापलेलं मग तसंच राहतं. चौदा वर्षांची ती मुलगी त्या खोक्यावर उभी राहून इतकं सुंदर गायली आणि जग तिला कायमची खंजिरीवाली म्हणणार. पण हट्ट तिचा होता आणि कारण मायेचं होतं. मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिले.

मामा खिडकीशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. आम्हाला पाहून अर्धे उठले, बायका आल्यावर उठायची त्यांची सवय गेलेली नाही. "या, या," म्हणाले. कोण आलंय ते ठाऊक नव्हतं. मावशीनं त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली, मी पलंगाच्या कडेला बसून स्पीकर जोडला.

पहिली दोन-तीन गाणी धडाक्याची होती. बास सुरू झाल्याबरोबर मामांचा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरायला लागला, आणि तोही बरोबर, एक मात्रा इकडेतिकडे नाही. स्वतःचा आवाज आला की छातीवर बोट ठेवून मला म्हणायचे, "हा मी." मी टाळी वाजवायची. मावशी हसत होती. खोलीत ऊन आलं होतं. मला वाटलं, हिचंच बरोबर आहे, चाललंय ते चांगलं चाललंय.

मग ते संथ गाणं लागलं. मामांचा हात थांबला. त्यांनी तो वर केला, कुणी बोलू नका अशा अर्थानं, आणि गाणं संपेपर्यंत खाली घेतला नाही. संपल्यावर मावशी नेहमीसारखी म्हणाली, "किती सुंदर गायलात तुम्ही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. जरा रागानंच. "मी? मी कुठे? ही माझी धाकटी बहीण."

पुढचं गाणं सुरू होण्याआधी मी स्पीकर बंद केला.

"माझा गळा बसला होता," मामा म्हणाले. "हिनं गायलं. मी मागे खंजिरी वाजवली, तीसुद्धा चुकीची. ऐका पुन्हा, कळेल. वडील म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. म्हणून मी ते गाणं म्हणत फिरलो. लोक टाळ्या वाजवायचे, त्या मी घ्यायचो. पण त्या माझ्या नाहीत, हो. मी ठेवल्यात तिच्यासाठी. ती आली की देणार आहे."

"ती येते का?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज शनिवारच्या भजनातल्यापेक्षाही खाली गेला होता.

"कुठे येते!" मामा म्हणाले. "लहान आहे अजून. तिला एकटीला कोण सोडणार?" मग त्यांना काहीतरी सुचलं. ते पुढे झुकले. "तुम्ही चर्चमधल्या ना? तुमची भेट होते का तिची?"

"होते."

"मग तिला सांगा, वडील गेले. आता नाव सांगितलं तरी कुणी रागावणार नाही. सांगाल?"

"सांगते," मावशी म्हणाली.

मामांचं समाधान झालं. ते खुर्चीत मागे टेकले. मग पाहुण्या बाईची आपण काहीच विचारपूस केली नाही, हे लक्षात येऊन त्यांनी अदबीनं विचारलं, "आणि तुमचं नाव काय?"

किती दिवसांनी कोण जाणे, मावशीनं त्यांना आपलं नाव सांगितलं. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.

मामांचा चेहरा उजळला. "अरे! तिचंही हेच," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "ते गाणं पुन्हा लावा बघू. यांना ऐकू द्या."

मी पुन्हा लावलं. मावशीनं त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या ती ओळ बदल."